खडपावरचे शेजारी



पोळ्याच्या दिवशी बैलांच्या गळ्यात कवड्यांच्या माळा घालतात, त्या तुम्ही पाहिल्या आहेत. मराठीत आपण 'कवडीमोल भाव' म्हणतो, घरी उर्दूत 'फूटी कौडी' म्हणतो. जुन्या काळी कवडी हे बाजारातले चलन होते, त्याची आठवण दोन्ही भाषांनी अजून जपून ठेवली आहे. पण ही कवडी मुळात येते कोठून? आपल्या पूर्णेच्या खोऱ्यातल्या काळ्या मातीत ती सापडत नाही. कवडी हे समुद्रात राहणाऱ्या एका गोगलगायीचे कवच आहे. हा प्राणी उथळ पाण्यात, खडकांच्या व प्रवाळांच्या आधाराने राहतो. दिवसा तो बहुधा फटीत लपून बसतो आणि रात्री बाहेर पडून दगडावरचे शेवाळ खरवडून खातो. त्याच्या काही जाती स्पंजही खातात. जिवंतपणी तो आपल्या अंगाची एक मऊ घडी कवचावर पांघरून घेतो, त्यामुळे कवच बाहेरून घासले जात नाही. कवडीची चकाकी ही त्या पांघरुणाची देणगी आहे.

वरवट बकालहून समुद्र फार लांब. शेगावला रेल्वेत बसले तर मुंबईपर्यंत पाचशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करावा लागतो. खारे पाणी म्हटले की आपल्याला खारपाणपट्ट्यातल्या विहिरी आठवतात. समुद्राचे पाणी त्या विहिरींहून कितीतरी खारट असते. त्याच्या एका लिटरात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. अशा पाण्याखाली, तळाला धरून, लक्षावधी जीव राहतात. ते एकमेकांना खातात, एकमेकांची जागा बळकावतात, एकमेकांच्या अंगावर घर बांधतात आणि एकमेकांना जगवतातही. या धड्यात आपण त्यांच्या शेजारधर्माची ओळख करून घेऊ.

आधी भरती-ओहोटी समजून घेऊ. समुद्राचे पाणी कोकणच्या किनाऱ्यावर दिवसातून साधारण दोनदा चढते आणि दोनदा उतरते. चढण्याला भरती म्हणतात, उतरण्याला ओहोटी. उर्दूत याला 'मद्द-ओ-जज्र' म्हणतात, हे तुम्ही भूगोलात वाचलेच असेल. अमावास्येच्या आणि पौर्णिमेच्या सुमारास पाणी सर्वांत जास्त चढते व सर्वांत जास्त उतरते, ते उधाण. म्हणजे ज्या संध्याकाळी आपण गच्चीवर उभे राहून ईदचा चाँद शोधतो, त्याच दिवसांत तिकडे कोकणात उधाण असते. अष्टमीच्या सुमारास चढउतार थोडा असतो, त्याला कोळी लोक भांग म्हणतात. उधाणाच्या दिवशी मुंबईच्या किनाऱ्यावर चढ आणि उतार यांत चार ते पाच मीटरांचा फरक पडू शकतो. आपल्या शाळेच्या खोलीपेक्षा हा उंच झाला.

समुद्राचा तळ म्हटला की मनात खोल, अंधारी जागा येते. पण ओहोटीला जो किनारा उघडा पडतो तोही भरतीच्या वेळी तळच असतो. तो पायी चालत जाऊन पाहता येतो, त्यासाठी पाणबुड्या व्हावे लागत नाही. कोकणात अशा खडकाळ किनाऱ्याला 'खडप' म्हणतात. रत्नागिरीच्या मिरकरवाडा, राजिवडा या भागांत पिढ्यानपिढ्या मासेमारी करणारी मुसलमान कुटुंबे आहेत, मालवणकडे गाबीत समाज आहे. या लोकांना ओहोटीची वेळ घड्याळात पाहावी लागत नाही. तिथीवरून ते ती सांगतात. ओहोटी लागली की बायका टोपल्या घेऊन खडपावर जातात आणि कालवे काढतात.

तुम्ही अशा खडपावर उभे राहून वरून खाली पाहिलेत, तर रंगाचे पट्टे दिसतील. सर्वांत वर, जेथे फक्त उधाणाचे शिंतोडे पोहोचतात, तेथे ज्वारीच्या दाण्याहून थोड्या मोठ्या गोगलगायी फटीत दाटीवाटीने बसलेल्या असतात. त्याखाली करड्या-पांढऱ्या, खरखरीत ठिपक्यांचा पट्टा असतो. ते ठिपके म्हणजे बार्नेकल नावाचे प्राणी. अनवाणी पाय पडला तर चांगलाच ओरखडा उठतो. त्याखाली कालवांचा पट्टा. आणखी खाली, जेथे पाणी थोडाच वेळ हटते, तेथे हिरवे-तपकिरी शेवाळ, स्पंज आणि समुद्रपुष्पे. समुद्रपुष्प हे नाव फुलाचे असले तरी तो प्राणी आहे आणि त्याच्या पाकळ्या म्हणजे विषारी काटे असलेल्या सोंडा आहेत.

बार्नेकलची हकीकत मजेदार आहे. दिसायला तो शिंपल्यासारखा, पण तो खेकडे आणि कोळंबी यांच्या गोत्रातला. पिल्लू असताना तो पाण्यात मोकळा पोहतो. मग एके दिवशी खडकावर योग्य जागा शोधून तो डोके तेथे चिकटवतो आणि पुन्हा कधी हलत नाही. भोवती चुन्याची भिंत बांधतो. पाणी आले की दार उघडतो आणि पाय बाहेर काढून पिसासारखे हलवत पाण्यातले सूक्ष्म अन्न ओढून घेतो. डोक्यावर उभे राहून पायांनी जेवणारा दुसरा प्राणी मला तरी माहीत नाही. जागा एकदाच निवडायची आहे, म्हणून त्याच्या जन्माचा सगळा प्रश्न जागेचा आहे. खडपावर अन्न भरतीबरोबर येतच राहते. जागा मात्र मोजकी असते.

आता प्रश्न असा, की हे पट्टे आखले कोणी? पूर्वी समजूत होती, की ज्याला जेवढे ऊन आणि कोरडेपण सोसते तेवढ्या उंचीवर तो राहतो. हे अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे जोसेफ कॉनेल या शास्त्रज्ञाने स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर शोधले. तेथे बार्नेकलच्या दोन जाती आहेत. लहान जात वर राहते, मोठी जात खाली. लहान जातीची पिल्ले खालीही येऊन बसत, पण तेथे ती मोठी होत नसत. कॉनेलने काही दगडांवरून मोठ्या जातीचे बार्नेकल काढून टाकले आणि वाट पाहिली. लहान जात खालच्या पट्ट्यात सुखाने वाढू लागली! म्हणजे तिला खालचे पाणी मानवत नव्हते असे नाही. मोठे शेजारी भराभर वाढून तिला दाबत होते, खालून उचकटून काढत होते. वर मात्र मोठ्या जातीला कोरडेपण सोसत नाही, म्हणून लहानीला तेथे आसरा मिळाला होता. १९६१ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले. पट्ट्याची वरची कड बहुधा ऊन ठरवते आणि खालची कड शेजारी ठरवतो, हे तेव्हापासून विद्यार्थ्यांना शिकवले जाते. या प्रयोगासाठी त्याला डोळे, कागद, भिंग आणि धीर एवढेच लागले, हे मला विशेष वाटते.

शेजाऱ्यांत शिकारीही असतात. आपल्या खडपावर जाड कवचाच्या काही गोगलगायी असतात. त्या कालवावर किंवा बार्नेकलवर बसून त्याच्या कवचाला भोक पाडतात आणि आतले मांस खातात. वाळूत राहणाऱ्या एका गोगलगायीचे काम तर इतके सफाईचे, की सुताराने गिरमिट चालवावे. आंबट रस सोडून ती कवच मऊ करते व दातेरी जिभेने घासत जाते. किनाऱ्यावर एखादी शिंपली मिळते, तिच्या टोकाजवळ गोल भोक असते, आणि मुले ती दोऱ्यात ओवून माळ करतात. ते भोक कोणी पाडले, हे आता तुम्ही सांगू शकाल.

तुमच्या मनात येईल, की हे शिकारी नसते तर बरे झाले असते, सगळे शिंपले सुखाने नांदले असते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यावर रॉबर्ट पेन नावाच्या प्राध्यापकाने नेमके हेच करून पाहिले. तेथील खडकावर तारामासे पुष्कळ. तारामासा हा मासा नव्हे. त्याला पाच हात असतात आणि हातांखाली शेकडो बारीक नळीसारखे पाय असतात. तो शिंपल्याला मिठी मारतो, दोन्ही झडपा थोड्या उघडतो आणि आपले जठर तोंडातून बाहेर काढून शिंपल्याच्या आत सरकवतो. जेवण शिंपल्याच्याच घरात पचते. पेनने १९६३ मध्ये किनाऱ्याचा सुमारे ८ मीटर लांब आणि २ मीटर उंच तुकडा निवडला आणि तेथील तारामासे उचकटून समुद्रात फेकायला सुरुवात केली. नवे आले की तेही फेकायचे. शेजारचा तसाच तुकडा त्याने जसाच्या तसा ठेवला.

काय झाले? आधी बार्नेकलची चंगळ झाली. काही महिन्यांत त्यांनी बहुतेक जागा व्यापली. पुढे काळे शिंपले वाढू लागले. आपल्याकडे कोकणात शिनाणे मिळतात, त्यांच्या जातभाईंपैकी हे. त्यांनी बार्नेकलना झाकून टाकले, शेवाळाला जागा उरली नाही, शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी निघून गेल्या. सुरुवातीला त्या तुकड्यावर १५ जातींचे जीव होते, ते ८ वर आले. तारामासे असलेला शेजारचा तुकडा पूर्वीसारखाच गजबजलेला राहिला. तारामासा शिंपल्यांना खात होता, म्हणजे जो सर्वांची जागा बळकावू शकत होता त्यालाच. त्यामुळे बाकीच्यांना जागा मिळत होती.

पेनने १९६९ मध्ये अशा प्राण्याला एक नाव दिले. ते इमारतीवरून घेतलेले आहे. मशिदीच्या किंवा किल्ल्याच्या दगडी मेहराबीत अगदी शेंड्याला एक दगड असतो. त्याच्यावर भार फार नसतो, तो फार मोठाही नसतो, पण तो काढला तर दोन्ही बाजू कोसळतात. अशा प्रजातीला मराठीत 'कळीची प्रजाती' म्हणतात. एक सावधगिरी मात्र ठेवली पाहिजे. जगातला प्रत्येक तारामासा असा कळीचा असतो असे नाही. कोणत्या किनाऱ्यावर कोणाचे काय काम आहे ते तेथेच जाऊन पाहावे लागते.

आपल्या भागातले उदाहरण घ्या, कारण समुद्र पाहिला नसला तरी पऱ्हाटीचे शेत तुम्ही पाहिले आहे. कपाशीवर मावा येतो. मावा खाणारे ढालकिडे आणि त्यांच्या अळ्याही त्याच पानांवर फिरत असतात. ऊठसूट जहाल औषध फवारले, की माव्याबरोबर ढालकिडेही मरतात. मावा लवकर परत येतो, कारण त्याची वीण झपाट्याने होते. ढालकिडा उशिरा येतो. मग पुन्हा फवारणी. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, ते मित्रकीटक म्हणजे काय ते सांगतील. शेतात आणि खडपावर हिशेब एकच आहे. फरक इतकाच, की शेतातला बिघाड आपल्याला त्याच हंगामात दिसतो आणि समुद्रातला पाण्याखाली झाकलेला असतो.

सगळेच शेजारी भांडखोर नसतात. साधू खेकडा पाहा. त्याचे पोट मऊ असते, त्याला स्वतःचे कवच नाही. मेलेल्या गोगलगायीचा रिकामा शंख शोधून तो त्यात राहतो आणि घर पाठीवर घेऊन फिरतो. आपण त्याला फकीर खेकडा म्हणू या. शरीर वाढले की शंख तोकडा पडतो. मग मोठा शंख सापडेपर्यंत बिचारा अडचणीत. काही वेळा एका मोठ्या रिकाम्या शंखापाशी बरेच खेकडे जमतात आणि उंचीप्रमाणे रांग लावतात. पहिला नव्या घरात शिरला, की दुसरा पहिल्याच्या घरात, तिसरा दुसऱ्याच्या. ईदला थोरल्याचा सदरा धाकट्याला आणि धाकट्याचा त्याच्याहून धाकट्याला, तसेच हे. काही साधू खेकडे आपल्या शंखावर समुद्रपुष्प बसवून घेतात. त्याच्या विषारी सोंडांमुळे शत्रू दूर राहतो, आणि समुद्रपुष्पाला फुकटची सवारी व खेकड्याच्या जेवणातले उष्टे-खरकटे मिळते. तुम्ही कधी सहलीला समुद्रावर गेलात, तर पिशवी भरून शंख आणू नका. रिकामा दिसणारा शंख कोणाच्या तरी घराच्या कामाचा असतो.

सहजीवनाचा याहूनही मोठा नमुना म्हणजे प्रवाळ. मराठीत पोवळे, उर्दूत मूँगा किंवा मर्जान. अंगठीतले पोवळे आपण दगड समजतो, पण तो प्राण्यांनी बांधलेला सांगाडा आहे. प्रवाळाचा एक जीव बहुधा काही मिलिमीटरांचा असतो. असे हजारो जीव शेजारी शेजारी बसून चुन्याची वसाहत उभारतात. उथळ, उबदार पाण्यात भिंती बांधणाऱ्या प्रवाळांच्या अंगात अतिसूक्ष्म एकपेशीय शैवाल राहते. शैवाल उन्हात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देते. घरमालक त्याला आसरा आणि खतपाणी देतो. प्रवाळाचा रंगही बराचसा या भाडेकरूमुळेच असतो. समुद्राचे पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या तापमानापेक्षा एक-दोन अंशांनी वाढून काही आठवडे तसेच राहिले, की हा करार मोडतो. शैवाल बाहेर पडते, प्रवाळ पांढरा पडतो. लगेच मरत नाही, उपाशी राहतो. पाणी वेळेवर थंड झाले तर सावरतो, नाहीतर मरतो. १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळात जगभरच्या प्रवाळांवर असे संकट आले. २०२३ पासून ते पुन्हा आले.

प्रवाळ म्हटले की लक्षद्वीप आणि अंदमान आठवतात. पण महाराष्ट्रातही प्रवाळ आहेत. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम सुरू केले, त्या किल्ल्याच्या भोवतालच्या पाण्यात ते आहेत. नदीनाल्यांचा गाळ येत असल्यामुळे हे पाणी फारसे नितळ नसते, तरी ते तग धरून आहेत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पाण्याखाली उतरून त्यांचा अभ्यास केला आहे आणि तेथील प्रवाळ पांढरे पडल्याचेही नोंदवले आहे. विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरांहून अधिक आत, भर समुद्रात, एक बुडालेले पठार आहे. त्याचा माथा पाण्याखाली सुमारे २० मीटरांवर आहे आणि त्यावर प्रवाळांची मोठी वस्ती आहे. मराठ्यांचे आरमारप्रमुख कान्होजी आंग्रे यांच्यावरून त्याला 'आंग्रिया बँक' म्हणतात. हे नाव ऐकून कोणी पासबुक काढायला निघू नये. उथळ समुद्रातल्या अशा उंचवट्याला इंग्रजीत बँक म्हणतात.

प्रवाळालाही जागेची भांडणे चुकली नाहीत. त्याचा जुना प्रतिस्पर्धी म्हणजे मोठे शेवाळ. ते भराभर वाढते आणि प्रवाळावर सावली धरते. शेवाळाला आवर घालतात ते पोपटमाशासारखे चरणारे मासे आणि सागरी अर्चिन. अर्चिन म्हणजे साळिंदराच्या पिल्लासारखा काटेरी गोळा. कॅरिबियन समुद्रातील जमैका बेटावर मासे इतके पकडले गेले होते, की चरायला जवळजवळ एकटा अर्चिनच उरला होता. तरीही प्रवाळ ठीक दिसत होते. १९८० मध्ये मोठे वादळ झाले, त्यात ते मोडले. पुन्हा वाढू लागले तोच १९८३ मध्ये अर्चिनवर रोग आला. पनामापासून सुरू झालेल्या या रोगाने वर्ष-दीड वर्षात कॅरिबियनमधले शंभरातले नव्वदहून अधिक अर्चिन मेले. मग जमैकात शेवाळाला अडवायला कोणी राहिले नाही. १९७० नंतरच्या दशकात तेथील तळाचा निम्मा भाग जिवंत प्रवाळाने झाकलेला होता. १९९० नंतर तो शंभरात तीन-चार इतकाच उरला. मासे संपले तेव्हा नुकसान दिसले नाही, कारण त्यांचे काम दुसरा करत होता. तो दुसराही गेला, तेव्हा सगळे एकदम दिसले.

खाडीतल्या चिखलाबद्दल थोडक्यात सांगतो. तेथे खडक नाही, म्हणून जीव वर न बसता आत पुरून घेतात. तिसऱ्या आणि तशाच इतर शिंपल्या नळीने पाणी आत घेतात, त्यातले बारीक अन्न गाळून उरलेले पाणी बाहेर सोडतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे एक मोठे कालव अनुकूल वेळी दिवसाला शंभराहून अधिक लिटर पाणी गाळते, असे मोजले गेले आहे. किडे चिखल खालीवर करतात, जशी गांडुळे आपल्या शेतात करतात. कांदळवनाची पाने गळून चिखलात पडतात, खेकडे ती ओढून बिळात नेतात, कुजल्यावर कोळंबीची पिल्ले त्यावर वाढतात.

या सगळ्या वस्तीवरून ट्रॉलरचे जाळे फिरते तेव्हा काय होते, ते आता तुम्ही ताडू शकाल. ट्रॉल जाळे म्हणजे तोंड उघडी असलेली लांब पिशवी. तिच्या दोन बाजूंना जड फळ्या असतात, त्या तळाला घासत जातात आणि जाळ्याचे तोंड फाकवून धरतात. हवी असते कोळंबी. पण पिशवीत येतात तारामासे, खेकडे, स्पंजाचे तुकडे, शंख आणि माशांची बोटभर पिल्ले. विकण्याजोगे तेवढे वेचून बाकीचे समुद्रात टाकतात किंवा भुकटी करायला देतात. ती भुकटी कोंबड्यांच्या खाद्यातही जाते. महाराष्ट्रात १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे. कोळी लोक खोली 'वाव' या मापात मोजतात. ठराविक वाव खोलीच्या आत ट्रॉलरने येऊ नये, असे बंधन या कायद्याने घातले आहे. २०२१ मध्ये दंड पुष्कळ वाढवण्यात आला. तरीही ट्रॉलर आत येतात, आणि रापण ओढणारे गरीब मच्छीमार व ट्रॉलरवाले यांची मालवणच्या समुद्रात वरचेवर भांडणे होतात. रापण म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायचे जाळे.

सरकारने १३ एप्रिल १९८७ रोजी मालवणच्या समुद्राचा २९.१२ चौरस किलोमीटर भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केला. त्यातला सुमारे ३.१८ चौरस किलोमीटर गाभा सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती आहे. स्थानिक मच्छीमारांनी याला विरोध केला. आपले पोट ज्या पाण्यावर आहे तेथे उद्या जाळे टाकता येणार नाही, ही त्यांची भीती होती. मला ती भीती खोटी वाटत नाही. प्रवाळ वाचवायचे ते कोणासाठी, हा प्रश्न विचारायचा त्यांना अधिकार आहे. पण त्याच प्रवाळांच्या फटीत त्यांच्या जाळ्यात येणारे मासे लहानाचे मोठे होतात, हेही तितकेच खरे आहे. कागदावरची सीमा पाण्यावर दिसत नाही. ती पाळायची झाली तर पाण्यात रोज जाणारा माणूसच पाळणार.

जाळ्यात एक छोटासा बदल करता येतो. जाळ्याच्या एका भोकाला 'आस' म्हणतात. नेहमीच्या जाळ्याचा आस शंकरपाळ्याच्या आकाराचा असतो. जाळे ओढले, की ताण पडून तो मिटतो आणि पिल्ले आत अडकतात. पिशवीच्या शेवटच्या भागाला चौकोनी आस लावला, तर ताण पडला तरी भोक उघडे राहते आणि लहान मासे निसटून जातात. ती पिल्ले पुढे मोठी होऊन कोणाच्या तरी जाळ्यात येतीलच, पण त्याच्याच जाळ्यात येतील असे नाही. ज्याने चौकोनी आस लावला त्याचा आजचा माल थोडा कमी भरतो, आणि डिझेलचे बिल मात्र शेजारच्या नौकेएवढेच येते.

स्वाध्याय

१. खडपावरच्या पट्ट्याची वरची कड आणि खालची कड कशामुळे ठरते, ते कॉनेलच्या प्रयोगावरून लिहा.

२. 'कळीची प्रजाती' हे नाव मेहराबीच्या दगडावरून का दिले असावे? तारामाशाच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

३. जमैकात मासे कमी झाले तेव्हा प्रवाळांचे नुकसान का दिसले नाही?

४. पुढील शब्दांना तुमच्या घरी उर्दूत काय म्हणतात ते लिहा आणि मराठीत वाक्यात उपयोग करा: ओहोटी, शिंपला, पोवळे, शेजारी, गाळ.

५. कपाशीच्या एका झाडासमोर पंधरा मिनिटे बसा. त्यावर कोणकोणते कीटक दिसले, कोण कोणाला खात होते किंवा कोण कोणाच्या आधाराने राहत होते, ते दहा ओळींत लिहा. नावे माहीत नसतील तर रंग व आकार लिहा.

६. मालवणच्या एका रापणकराला आणि एका ट्रॉलरच्या मालकाला आपापली बाजू सांगायची आहे. वर्गात दोन गट करून हा संवाद मराठीत सादर करा.